एका गिटारीचा वारसा



मी गिटारीवर बोलणार असे कळविले तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांपैकी एकदोघांना जरा काळजीच वाटली. युनियनचा माणूस, ह्याने बोनसवर बोलावे, किमान वेतनावर बोलावे. गिटारीशी ह्याचा काय संबंध? संबंध आहे. विजेची गिटार कारखान्यात तयार होते, तिच्यावर नावे नसलेल्या कामगारांचे हात फिरलेले असतात, आणि वाजविणाऱ्याच्या हाती गेल्यावर ती त्याचे पोटाचे हत्यार बनते. हत्याराचा धनी एक दिवस जातो. मग ते हत्यार वारसाच्या हाती येते आणि त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो : हे दुरुस्त करून नव्यासारखे करावे, की विकून टाकावे?

वारस हा शब्द ऐकला की आमच्या डोळ्यांपुढे प्रॉव्हिडंट फंडाचा फॉर्म येतो. मेलेल्या माणसाची शिल्लक किती आणि ती कोणाच्या नावावर, एवढ्यापुरताच तो विचार असतो. पण काही वस्तूंची शिल्लक अशी मांडता येत नाही. मी आज ज्या गिटारीची हकीकत सांगणार आहे ती १९६१ साली अमेरिकेत तयार झाली, आयर्लंडात वाजली, १९९५ साली एका भावाकडून दुसऱ्या भावाकडे आली आणि २०२४ साली लंडनमध्ये लिलावात निघाली. तिच्यावरचा रंग जवळजवळ सगळा उडालेला आहे. त्या उडालेल्या रंगाचा हिशेब आपण मांडू.

प्रथम हे वाद्य म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. साध्या गिटारीचे पोट पोकळ असते, आवाज त्या पोकळीत घुमतो. विजेची गिटार बहुधा भरीव लाकडाची असते. नुसती छेडली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जाणार नाही. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी असतात. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की वेटोळ्यात अगदी क्षीण वीजप्रवाह उत्पन्न होतो. तो दोरीतून अँप्लिफायरकडे जातो आणि कर्ण्यातून आवाज होऊन बाहेर पडतो. ह्या चुंबक-वेटोळ्याला पिकअप म्हणतात. गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नवीन नाही. आपल्या बेंजोलाही तोच पिकअप असतो. अमेरिकेत जॉर्ज बोशाँ आणि अडॉल्फ रिकनबॅकर ह्यांनी १९३१-३२ साली अशी पहिली यशस्वी गिटार बाजारात आणली. तिचा आकार असा होता की लोक तिला तळण्याचा तवाच म्हणू लागले.

आपली गिटार ज्याच्या कारखान्यातली, तो लिओ फेंडर मात्र वादक नव्हता. गिटारीचे सूरही त्याला नीट लावता येत नसत असे सांगतात. कॅलिफोर्नियात फुलर्टन नावाच्या गावी १९३८ पासून तो रेडिओ-दुरुस्तीचे दुकान चालवीत होता. माझ्या मते त्याच्या साऱ्या कामाची किल्ली ह्या दुकानात आहे. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस कोणतीही वस्तू पाहतो ती, ही उघडायची कशी, ह्या दृष्टीने. जुने कारागीर गिटारीची दांडी धडाला सरसाने कायमची जोडीत. दांडी वाकली तर सगळे वाद्यच कारागिराकडे न्यावे लागे. फेंडरने ती चार स्क्रूंनी बसविली. दांडी बिघडली? स्क्रू काढा, दुसरी लावा. पिकअप, खुंट्या, वायरींची पट्टी, सगळे स्क्रूवर. १९५० साली त्याची भरीव लाकडाची गिटार बाजारात आली, १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली, आणि तिची किंमत २४९ डॉलर ५० सेंट होती. थोडक्यात, ही वस्तू देव्हाऱ्यात ठेवण्यासाठी केलेली नव्हती. ती मोडणार, झिजणार, उघडली जाणार आणि पुन्हा कामाला लागणार, हे तिच्या कर्त्याने गृहीत धरले होते.

आणि कर्ता म्हणजे एकटा फेंडर नव्हे. फुलर्टनच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मेक्सिकन वंशाचे बरेच स्त्रीपुरुष कामाला होते. टॅडिओ गोमेझ नावाचा एक कामगार दांड्यांना आकार देई आणि दांडीच्या टोकाला, जो भाग धडात बसून झाकला जातो तिथे, पेन्सिलीने आपली आद्याक्षरे आणि तारीख लिही. ती अक्षरे गिऱ्हाइकाला दिसत नसत. आज ह्या गिटारी उघडून पाहणारे व्यापारी ती दोन अक्षरे दिसली की किमतीत भर घालतात. ॲबिगेल इबारा ही बाई १९५६ साली तिथे कामाला लागली आणि २०१३ साली निवृत्त झाली. पिकअपची वेटोळी गुंडाळण्यात तिचा हात प्रसिद्ध झाला. एका वेटोळ्यात सुमारे ८,००० फेरे, तार केसाइतकी बारीक, यंत्र फिरते आणि बाई बोटांच्या चिमटीतून तार सोडते. कोणाची चिमूट सैल, कोणाची घट्ट. म्हणून कोणत्याही दोन पिकअपांचा आवाज अगदी एकसारखा नाही. जाणकार कान ज्याला त्या काळच्या गिटारीचा गोडवा म्हणतात, त्यातला बराचसा ह्या चिमटीतला फरक आहे. ह्या मंडळींना मजुरी मिळाली. पुढे त्या वस्तू सोन्याच्या भावाने विकल्या गेल्या, त्यातली दमडी त्यांच्याकडे आली नाही, येण्याची तजवीजच कुठल्या कायद्यात नाही. चित्रकाराचे चित्र पुन्हा विकले गेले तर त्याला वाटा मिळावा असा कायदा फ्रान्समध्ये १९२० साली झाला. आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली तसे कलम घातले गेले. पण दांडी तासणाऱ्याला आणि तार गुंडाळणाऱ्याला कायदा कलावंत मानीत नाही. असो.

१९६५ साली, ५ जानेवारीला, फेंडरने आपला कारखाना सी. बी. एस. ह्या नभोवाणी आणि टेलिव्हिजनच्या बड्या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकला. पुढे उत्पादन वाढले आणि माल उतरला, अशी वादकांची तक्रार. म्हणून आजचा बाजार ह्या गिटारींचे दोन भाग करतो : विक्रीपूर्वीच्या आणि विक्रीनंतरच्या. तोच कामगार, तेच यंत्र, १९६४ च्या डिसेंबरातली गिटार आणि १९६५ च्या फेब्रुवारीतली गिटार ह्यांत लाकडाचा काही फरक नसेल, पण किमतीत असतो. मालकाच्या सहीने मालाची जात बदलते हे पाहून आमच्यासारख्याला हसू येते. १९८५ साली कंपनीच्याच काही अधिकाऱ्यांनी आणि भागीदारांनी मिळून नाव आणि हक्क परत विकत घेतले. फुलर्टनचा कारखाना मात्र त्या सौद्यात नव्हता.

आता आयर्लंडकडे वळू. त्या काळी आयर्लंडात नाचाच्या मोठ्या दिवाणखान्यांतून शोबँड नावाचे ताफे वाजवीत. कोट-टाय घातलेले आठदहा वादक, तासन् तास उभे राहून लोकांच्या फर्माइशी पुऱ्या करणार. वॉटरफर्डच्या रॉयल शोबँड ह्या नावाजलेल्या ताफ्यातल्या जिम कॉन्लन ह्या गिटारवाल्याने अमेरिकेहून लाल रंगाची स्ट्रॅटोकास्टर मागविली होती. आली ती तीनरंगी : मध्ये पिवळा, त्याभोवती तांबडा, काठाला काळा. पुढे त्याची लाल गिटार आली आणि ही तीनरंगी कॉर्क शहरातल्या क्राउली ह्यांच्या वाद्यांच्या दुकानात विकायला ठेवली गेली. आयर्लंडात आलेली ही पहिली स्ट्रॅटोकास्टर असे म्हणतात. दुकानाच्या काचेत ती एका पंधरा वर्षांच्या पोराने पाहिली. त्याचे नाव रोरी गॅलाहर.

रोरीचा जन्म २ मार्च १९४८ चा, डोनेगॉल परगण्यातल्या बॅलीशॅनन गावचा. बाप तिथे एर्न नदीवर चाललेल्या जलविद्युत केंद्राच्या बांधकामावर कामाला होता. पुढे विजेच्या वाद्यावर जगलेल्या मुलाचा बाप वीजघर बांधणारा असावा हा योगायोग मला फार आवडतो. नंतर आई मुलांना घेऊन कॉर्कला माहेरी आली. गिटारीची किंमत १०० पौंडांच्या घरात होती. ज्या घरात बाहेरून नियमित पगार येत नाही, तिथे ही रक्कम म्हणजे काय, हे आपल्यापैकी पुष्कळांना सांगायला नको. १९६३ च्या ऑगस्टमध्ये रोरीने ती हप्त्यांवर घेतली. आईची समजूत त्याने अशी घातली की, साथीची आणि मुख्य अशी दोन्ही कामे मी एकटाच ह्या गिटारीवर करीन, म्हणजे दुसऱ्या गिटारवाल्याचा खर्च वाचेल. हा युक्तिवाद ऐकून माझे कान टवकारले. मुंबईच्या १९२८ च्या मोठ्या गिरणी संपामागे जी कारणे होती त्यांत, एकाच कामगाराच्या गळ्यात जादा माग आणि जादा साचे अडकविणे हे एक होते. पोराने मालकाचाच हिशेब आईपुढे मांडला! फरक एवढाच की इथे जादा काम करणारा आणि त्याचे फळ खाणारा एकच होता.

शोबँडमध्ये त्याने हप्ते फेडले. मग १९६६ साली टेस्ट नावाचा स्वतःचा ताफा काढला. त्याच सुमारास डब्लिनमध्ये गाडीतून ती गिटार चोरीला गेली. टेलिव्हिजनवर पोलिसांचा एक कार्यक्रम असे, त्यात तिची हकीकत सांगितली गेली; तेव्हा चोराला ती विकणे अवघड झाले असावे. काही दिवसांनी ती एका चरात टाकलेली सापडली, पावसापाण्यात पडलेली, ओरखडे उठलेली. ती परत हाती आली तेव्हा रोरीने मनाशी ठरविले की ही गिटार कधी विकायची नाही आणि कधी रंगवायचीही नाही. पुढे मुलाखतींतून तो हे सांगत असे. श्रोतेहो, हे वाक्य ध्यानात ठेवा. आपला जो प्रश्न आहे, रंगवावी की विकावी, त्याच्या दोन्ही बाजूंना मूळ धन्याने स्वतःच नकार देऊन ठेवला होता.

पुढची तीस वर्षे तो ती वाजवीत राहिला. अंगात चौकड्यांचा सदरा, लाकूडतोड्याने घालावा तसा, आणि कार्यक्रम दोन दोन तासांचे. १९७० च्या दशकात उत्तर आयर्लंड पेटलेला होता; बाहेरचे नामांकित कलावंत बेलफास्टला पाय ठेवीत नसत. रोरी मात्र बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये वाजवायला जात असे, आणि कॅथलिक-प्रॉटेस्टंट असे दोन्ही बाजूंचे तरुण त्याला ऐकायला एका छपराखाली बसत. १९७४ च्या आयर्लंड दौऱ्याचे त्याचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध आहे. आता हा माणूस घामाघूम होऊन वाजविणारा. त्याच्या घामात आम्ल जास्त होते असे म्हणतात. ते असो वा नसो, त्या घामाने गिटारीचा रंग खाल्ला. उजवा हात जिथे टेकतो तिथला गेला, मग कडेचा गेला, शेवटी तीनरंगी रंगाची नुसती बेटे उरली आणि मधून कच्चे लाकूड दिसू लागले.

मग त्याने दुरुस्ती केलीच नाही की काय? भरपूर केली. दांडीवरचे धातूचे पडदे झिजले की बदलले, अनेकदा बदलले. खुंट्या बदलल्या, सहाही एका जातीच्या राहिल्या नाहीत. पिकअप गेले, दुसरे आले. दांडीने घाम आणि ओल पिऊन पिऊन इतका बाक धरला की ती काढून बाजूला ठेवावी लागली. दुसरी दांडी लावून काम चालविले. मग वाळून जुनी पुन्हा सरळ झाली तेव्हा तीच परत बसविली. चार स्क्रूंची करामत! म्हणजे वाजण्यासाठी जे जे लागेल ते त्याने बिनदिक्कत बदलले, आणि दिसण्यासाठी काही केले नाही. माझ्या मते ह्या विषयातला मुख्य भेद हाच आहे आणि तो एका कामकरी वादकाने कोणत्याही पुस्तकाशिवाय हेरला होता. हत्यार चालू ठेवणे ही एक गोष्ट. हत्याराने केलेल्या कामाच्या खुणा पुसून टाकणे ही दुसरी. दोन्हींना लोक दुरुस्तीच म्हणतात, म्हणून घोटाळा होतो.

बाजारालाही हा भेद कळतो, पण त्याच्या रीतीने. १९७० च्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात पुष्कळांनी जुन्या गिटारींचा रंग खरवडून लाकूड उघडे केले किंवा हौसेने नवा रंग दिला. तेव्हा त्या नुसत्या जुन्या गिटारी होत्या. आज त्यांच्या वारसांना व्यापारी सांगतात की मूळ रंग गेलेल्या गिटारीची किंमत साधारण निम्म्यावर येते. म्हणून आज कोणाच्या घरात अशी गिटार निघाली तर जाणकार एकच सल्ला देतो : तिला रंग लावू नका, पॉलिश करू नका, डाग घालवू नका. पडदे झिजले असतील तर बदला, कारण ते झिजण्यासाठीच असतात. वायरीचा सांधा सुटला असेल तर डाख द्या, पण मूळ डाख जितके राहतील तितके राहू द्या. काढलेला प्रत्येक भाग, तुटकी खुंटीसुद्धा, पिशवीत घालून पेटीतच ठेवा. आणि दांडीच्या टोकाची पेन्सिलीची अक्षरे वाचण्यासाठी उगाच स्क्रू पिळत बसू नका. जुन्या लाकडातले भोक एकदा सैल झाले की झाले. विकायची ठरली आणि ती परदेशी जायची असेल तर आणखी एक भानगड असते. त्या काळी बोटे फिरतात ती पट्टी ब्राझीलच्या शिसवीची असे, आणि त्या झाडाच्या व्यापारावर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. जुन्या वस्तूसाठीही कागदपत्रे लागतात. ब्राझीलची शिसव महागली तेव्हा १९६० च्या दशकापासून अमेरिकन कारखाने हिंदुस्थानी शिसव वापरू लागले. आपल्या दक्षिणेकडच्या रानातले लाकूड अशा रीतीने त्या संगीतात गेलेले आहे.

हा सल्ला चांगला आहे. मी तोच देईन. परंतु त्याच्या पोटात एक अन्याय दडलेला आहे, तो सांगितल्यावाचून मला राहवत नाही. रोरीच्या गिटारीवरची झीज मोलाची, कारण ती रोरीची. हीच झीज एखाद्या अनामिक शोबँडवाल्याच्या गिटारीवर असती तर व्यापाऱ्याने ती दोष म्हणून लिहून घेतली असती आणि किंमत पाडली असती. घाम दोघांचा सारखाच खारट. गंमत अशी की झिजेला भाव आला हे पाहून १९९५ च्या सुमारास फेंडर कंपनीने नव्या गिटारी मुद्दाम झिजवून विकायला आरंभ केला. रंग खरवडायचा, धातूला गंज चढवायचा, पडद्यांजवळचा रंग घासून काढायचा, आणि झीज जितकी जास्त तितकी किंमत जास्त. पुढे रोरीच्या ह्याच गिटारीची हुबेहूब नक्कल, रंगाच्या बेटांसकट, कारखान्यात तयार होऊ लागली. म्हणजे एका कामगाराने तीस वर्षांत घामाने जे केले ते दुसऱ्या कामगाराने पाळी संपायच्या आत करून द्यायचे. कामाची नक्कल करण्याचे काम! आमच्या चळवळीच्या कोणत्याही पुस्तकात हे खाते सापडायचे नाही.

ह्यावरून आपल्याकडची एक हकीकत आठवते. काही वर्षांपूर्वी दोघे भाऊ आमच्या युनियनच्या कचेरीत आले. वडील गिरणीत साचेखात्यात होते; १९८२ च्या संपात काम सुटले, ते परत लागले नाही. मग बेंजो पार्टीत वाजवून त्यांनी घर चालविले. ते वारले तेव्हा देण्याघेण्याच्या कागदांबरोबर मुलांनी गोणपाटात गुंडाळून तो बेंजोही आणला होता. बेंजोच्या बटणांवरचे प्लास्टिक बोटांच्या जागी खोलगट झाले होते. एका दुकानदाराने सांगितले होते की बटणे नवी बसवा, रंग द्या, मग दीड हजार देतो; आहे तसा भंगाराच्या भावाने. मुलांनी मला विचारले. मी म्हटले, पिकअपची वायर नीट करून घ्या, बटणांना हात लावू नका, आणि शक्य तर ठेवा. त्यांनी बटणे बदलली आणि विकला. धाकट्याच्या मुलीची फी भरायची होती. मी त्यांना बोल लावीत नाही. घरात नड असताना वारसाला इतिहासाचे धडे देणे सोपे असते. पण गिरणगावातल्या हजारो हातांच्या अशा वस्तू, आणि त्यांच्याबरोबर मागच्या मागही, वजनावर भंगारात गेले, आणि आज त्या कामाचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला हातात धरायला काही सापडत नाही, हेही तितकेच खरे आहे.

आता रोरीच्या वारसाकडे येतो. १४ जून १९९५ रोजी लंडनच्या इस्पितळात, यकृत बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, रोरी वारला. वय ४७. लग्न झालेले नव्हते. धाकटा भाऊ डोनल हा आरंभापासून त्याच्या कार्यक्रमांची व्यवस्था पाहत असे. गाडी हाकण्यापासून करारापर्यंत सगळे त्यानेच केले होते. गिटार त्याच्याकडे आली. ती दुरुस्त करण्याचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच. तो भावाने सोडविला होता. उरला प्रश्न विकण्याचा, आणि त्याने २९ वर्षे ती विकली नाही. तिजोरीत कोंडूनही ठेवली नाही. २०११ साली लंडनच्या एका कार्यक्रमात जो बोनामासा ह्या अमेरिकन वादकाच्या हाती त्याने ती वाजवायला दिली. पण वय कोणाला सुटत नाही. एवढ्या मोलाची वस्तू, तिचा विमा, तिची राखण, आणि पुढच्या पिढीवर तेच ओझे. २०२४ च्या उन्हाळ्यात जाहीर झाले की बोनॅम्स ही लंडनची लिलावाची पेढी ती आणि रोरीची इतर वाद्ये विकणार.

आयर्लंडात खळबळ उडाली. ज्या दुकानातून ती १९६३ साली गेली त्या दुकानदाराच्या मुलीने, गिटार कॉर्कला परत यावी म्हणून लोकवर्गणीची मोहीम उभारली. त्या वेळचे उपपंतप्रधान मायकल मार्टिन, तेही कॉर्कचेच, ती राष्ट्रासाठी घ्यावी असे बोलू लागले. मृत भावाचा शब्द मोडला अशी कुजबुजही झाली असेल. तो आक्षेप मला पटत नाही. विकणार नाही हा शब्द वाजविणाऱ्याचा होता. ज्या हत्यारावर माझे पोट आहे ते मी विकणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाजविणाराच गेला तेव्हा त्या शब्दाचे काम संपले. रंगवणार नाही, हा शब्द मात्र वेगळ्या जातीचा. तो वस्तूबद्दलचा होता, आणि तो वस्तूबरोबरच चालत राहतो. पुढच्या प्रत्येक धन्यावर तो बंधनकारक आहे. डोनलने पहिला मोडला आणि दुसरा पाळला, आणि माझ्या मते बरोबर केले.

माझी तक्रार दुसरीच आहे. उघड्या लिलावात वस्तू कोणाकडे जाईल हे फक्त पैसा ठरवितो. ह्या व्यापारात शेकडो जुन्या गिटारी अशा माणसांनी घेतलेल्या आहेत की ज्यांनी त्या तापमान राखलेल्या कोठडीत ठेवल्या आणि नंतर कोणी पाहिल्या नाहीत. सुवर्णाच्या लगडीसारख्या त्या एका हातातून दुसऱ्या हातात जातात. २०१९ साली डेव्हिड गिलमोर ह्या इंग्रज वादकाने आपल्या गिटारी स्वतः हयात असताना विकल्या, त्यांतली एकच काळी स्ट्रॅटोकास्टर ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. पण पैसा त्याने पर्यावरणाच्या कामाला दिला. त्याचे त्याने ठरविले. वारसाची गोष्ट निराळी. वारस विकतो तेव्हा ती दुसऱ्याच्या श्रमाची वस्तू असते. म्हणून आधी सरकारशी, संग्रहालयाशी, गावाशी बोलणी पुरी करून मग बाजारात जावे असे मला वाटते. सरकारांनीही लिलावाची तारीख छापून आल्यावर जागे होऊ नये.

१७ ऑक्टोबर २०२४ रोजी लंडनच्या नाइट्सब्रिज भागात लिलाव झाला. लोकवर्गणी इतक्या वर पोहोचणे शक्यच नव्हते. पेढीच्या दलालीसकट किंमत झाली ८,८९,४०० पौंड. ज्या पोराने ती १०० पौंडांना हप्त्यांवर घेतली होती त्याच्या आईला हा आकडा सांगितला असता तर तिने काय म्हटले असते, ह्याचा विचार मी करून पाहिला. मला वाटते तिने प्रथम हप्ते किती ते विचारले असते. घेणारी होती डेनिस डेस्मंड ह्यांची, संगीताचे कार्यक्रम भरविणारी आयर्लंडातली कंपनी, आणि तिने जाहीर केले की गिटार आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दान दिली जाईल.

अशा रीतीने ती परत आयर्लंडला आली, डब्लिनला. ज्या शहरात ती एकदा चोरीला गेली होती त्याच शहरात. टॅडिओ गोमेझसारख्यांनी तासलेली अशीच एक दांडी, इबाराबाईंच्या खात्यात गुंडाळलेल्या पिकअपांच्या जागी नंतर आलेले दुसरे पिकअप, कॉर्कच्या घामाने उघडे पडलेले लाकूड आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या खुंट्या, हे सगळे आता संग्रहालयाच्या ताब्यात आहे. खुंट्या कोणी जुळवायला गेलेले नाही.